गुरुजींच्या बरगड्या आणि आईची पहाणी

माझ्या बाबांच्या बरगड्या गावातल्या निम्म्या लोकांनी बोट लावून मोजल्या आहेत. त्यात आमचा सरपंच आला, पिठाच्या गिरणीवाला आला, बसचा एक कंडक्टर आला आणि मीही आले. बाबा आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या बाजूला एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा मराठी माध्यमाची आणि राज्य तेलुगू, त्यामुळे वरून येणारे तक्ते कधी तेलुगूत यायचे आणि बहुतेक वेळा यायचेच नाहीत. सापळ्याचा एक जुना मराठी तक्ता भिंतीवर होता, पण त्याला कमरेपासून खाली वाळवी लागली होती. माझ्या आधीच्या दोन-तीन वर्गांना मांडीचं हाड कधी दिसलंच नाही. त्यांच्यापुरता माणूस कमरेशी संपत होता.

बाबांनी यावर आपल्या परीने तोड काढली. शरीररचनेचा धडा आला की ते सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि फळ्यासमोर उघडेबंब उभे राहत. निसर्गाने त्यांना हाडं सढळ हाताने दिली होती आणि मांस देताना हात आखडता घेतला होता. गळ्याखालची दोन्ही हाडं, खांद्याचं पान, छातीचं मधलं हाड, सगळं लांबच्या बाकावरूनही दिसे. "या रे, मोजा," असं म्हणून ते हात वर करत आणि आम्ही रांगेने जाऊन बरगड्यांच्या बारा जोड्या मोजत असू. शेवटच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. त्या सापडायला बोट कुशीत खुपसावं लागे आणि मग बाबांना गुदगुल्या होत. गुदगुल्या आवरेनात की ते तिथेच त्वचेचा धडा सुरू करत. कातडीत चेतातंतूंची टोकं असतात, स्पर्श वेगळा, टोचणं वेगळं, ऊन वेगळं, थंडी वेगळी, प्रत्येकाची खबर वेगळी जाते, असं हसत हसत सांगत. बाकीच्या पोरांची मजा व्हायची. माझा तो बाप होता, आणि भर वर्गात उघडा होता, हे कोणी लक्षात घेत नसे.

आईला या धड्याचा भयंकर राग. तिचं म्हणणं साधं होतं. "गावाले वाटते मी यायले जेवाले देत नाई," ती म्हणायची. ती त्यांना दोनदा वाढायची, भाकरीवर तेल ओतायची, आग्रहाने जवसाची चटणी घालायची, पण ते सगळं कुठे जाई कोण जाणे. मला माहीत आहे कुठे जाई. माझ्याकडे येई.

जेवताना बाबांनी घरादाराला ऊती वाटून दिल्या होत्या. भाऊ कबड्डी खेळायचा म्हणून तो स्नायू ऊती. मी मेद ऊती. हे त्यांनी पाहुण्यांसमोरही सांगितलेलं आहे आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. ते स्वतः अस्थी. आई चेता ऊती, कारण घरात कुठे काही खुट्ट झालं की सगळ्यांत आधी तिला कळे.

"आन बोलाची ऊती कोनती?" आईने विचारलं होतं. "थेच जास्त हाये तुमच्यात."

ती त्यांना साऱ्या गावासारखीच गुरुजी म्हणायची. लग्न झालं तेव्हा ते नुकते शाळेला लागले होते आणि सगळे तसंच हाक मारत होते, म्हणून तिनेही तेच धरलं.

आईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा कुठल्याही नव्या जागी आई आधी जाऊन आल्याशिवाय गेले नाहीत. त्यांची तामसीकडच्या शाळेत बदली झाली तेव्हा आई एकटी बसने जाऊन खोली पाहून आली. दाराची कडी लागते का, पाणी कुठून भरायचं, शेजारीण कशी आहे, सगळं पाहिलं. बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या दिवशी ती वॉर्डात जाऊन संडास बघून आली. माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा त्यांच्या गावात कापसाचं बी चांगलं मिळतं म्हणून गेली आणि त्यांचं स्वयंपाकघर पाहून आली. ते लग्न झालं नाही, यावरून काय ते समजा. मी आदिलाबादला तहसील कार्यालयात कारकून आहे, आमच्याकडे शेतात काय उभं आहे ते मौक्यावर जाऊन बघण्याला पहाणी म्हणतात, म्हणून मी याला आईची पहाणी म्हणायची. आमचे कर्मचारी झाडाखाली बसून पहाणी लिहितात. आई तसलं काही करत नसे.

रिटायर झाल्यावर बाबांना शिकवायला कोणी उरलं नाही. घरात आई होती, पण ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. मग एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं की मेल्यावर आपला देह आदिलाबादच्या मेडिकल कॉलेजला द्यायचा.

आईने भाकरी परातीत ठेवली. "सारी जिंदगी सदरा काढून उभे राह्यले. आता चामडी काढून उभे राहाले जाता?"

"उभं नाई वं. आडवं."

"आडवं तं आडवं. पोरी राह्यतेत तठी शिकाले."

"थ्या डाक्टर होऊन राह्यल्या."

"होऊ द्या ना. तुमच्यावरच काऊन?"

आमचं बौद्धाचं घर. तेरावं-चौदावं, पिंड, कावळा यातलं काही आम्ही करत नाही, त्यामुळे बाबांना वाटलं होतं की विरोध होणारच नाही. आईच्या बोलण्यात आत्मा, मोक्ष यातलं काहीच नव्हतं. नवऱ्याला परक्या पोरींनी उघडं पाहू नये, एवढंच होतं. त्यांना चिडताही येईना. कॉलेजचा नियम असा होता की माणसाने जिवंतपणी कितीही सह्या केल्या तरी मेल्यावर जवळच्यांनी देह आणून द्यावा लागतो. "मी काई मेल्यावर बसनं जाऊ शकत नाई," बाबा मला म्हणाले. "तुही माय हो म्हनन तरच जमन."

गावाने या विषयाचा यथेच्छ फडशा पाडला. चहाच्या टपरीवर एक जुना विद्यार्थी म्हणाला, "डाक्टरायले गुरुजीत नवीन काय दिसनार हाये? आमी सारं मोजून ठेवलं. आमालेच इचारा म्हना." शेजारच्या काकूने विचारलं, "हाडं वापस देतेत का ठेवून घेतेत?" ठेवून घेतात असं कळल्यावर ती म्हणाली, "मंग मसनात जाऊन आमी काय पाह्याचं?" भाऊ हैदराबादहून फोनवर म्हणाला की लोक काय म्हणतील. मी त्याला सांगितलं, लोक काय म्हणताहेत ते म्हणून झालंय, तू आता आपलं सांग.

आईने यांपैकी कशातच भाग घेतला नाही. एका सकाळी चांगलं लुगडं नेसून ती माझ्या क्वार्टरवर हजर झाली. "चाल," म्हणाली, "जागा पाहून येऊ."

मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघी मेडिकल कॉलेजात शरीररचनेच्या विभागात जाऊन बसलो. तिथल्या प्रमुख मॅडम तेलुगू. आईला तेलुगू बाजारापुरतं येई, मॅडमना मराठी येत नव्हतं, म्हणून बोलणं हिंदीत झालं. आईचं हिंदी म्हणजे आमची बोली, फक्त जोरात.

"कपडे कौन निकालता?"

"हमारे लोग निकालते अम्मा. बच्चों के सामने नहीं."

"लडकियां हसती क्या?"

"जो हसा वो बाहर."

मॅडमनी सांगितलं की नवी मुलं पहिल्या दिवशी त्या देहासमोर उभी राहून शपथ घेतात. अंगावर चादर असते, ज्या भागाचा धडा असेल तेवढीच बाजूला करतात. आईने मान हलवली आणि खोली दाखवा म्हणाली. मॅडम जरा थबकल्या, पण घेऊन गेल्या. माझ्या डोळ्यांना देह टिकवायच्या औषधाच्या वासाने धार लागली, मी दारातच उभी राहिले. आईने पदर नाकाला लावला आणि सगळं नीट बघितलं. फरशी बघितली, छतावरचे पंखे बघितले, एका टेबलावरच्या चादरीचं टोक दोन बोटांत धरून चुरडून बघितलं. साडीच्या दुकानात बघतात तसं.

गावी जाऊन तिने बाबांना अहवाल दिला. तो मी ऐकला आहे. "फरशी साफ हाये. मॅडम कडक हाये. चादर लय पातळ हाये." मग पाणी प्यायली. "तुमाले एकट्याले नाई पाठवत मी. मी बी देतो माह्यं. पयले मी जाईन, कसं काय हाये थे पाहीन, मंग तुमी या."

बाबा इतके हसले की खोकला लागला. "माह्याकडं पाह्य अन तुह्याकडं पाह्य. पयला नंबर कोनाचा, थे दुसरीतलं लेकरू सांगन."

दोघांनी सह्या केल्या. बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. भेटेल त्याला सांगत सुटले की बायकोचं मत बदललं. तिचं मत काही बदललेलं नव्हतं. जिथे नवरा जाणार तिथे आधी आपण, एवढाच तिचा हिशोब होता.

तिच्या डाव्या हातावर गोंदण होतं. मनगटापासून वर ठिपक्यांची ओळ आणि तिच्या टोकाला एक विंचू. लहानपणी आठवडी बाजारात तिच्या आईने तिला धरून ठेवलं होतं आणि गोंदणारीने टोचलं होतं. आई म्हणायची, बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं माणसाच्या संगं जातं. बाबा म्हणायचे, कुठे जात नाही. बाह्यत्वचा वरून झडत राहते, खालून नवी येते, पण गोंदणाची शाई तिच्या खालच्या थरात, अंतस्त्वचेत, असते, म्हणून ती राहते. सह्या करून आल्यावर हा वाद पुन्हा निघाला. आता हे गोंदण कुठे जाणार, असं बाबांनी तिला चिडवायला विचारलं. "मी जाईन तठी जाईन," ती म्हणाली. "पोरायले दाखवाले कामी पडन."

यंदाच्या हिवाळ्यात आई गेली. साऱ्या तेलंगणात सगळ्यांत जास्त थंडी आमच्या जिल्ह्यात पडते. टीव्हीवर आकडा सांगतात तेव्हा आम्हाला उगाचच अभिमान वाटतो. आईला थंडी सोसत नसे. ती दोन स्वेटर घालून, कानाला फडकं बांधून, पायात बाबांचे मोजे घालून चुलीपाशी बसायची. तशीच बसली होती, छातीत दुखतंय म्हणाली. गावातून जीपने आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं, तिथे तासभर होती. मी ऑफिसातून धावत पोहोचले तेव्हा बाबा बाकावर बसलेले होते आणि त्यांच्या हातात तिचे, म्हणजे त्यांचेच, मोजे होते.

मला वाटलं होतं की रडणं माझ्याकडे येईल आणि बाकीचं बाबा सांभाळतील. इतकी वर्षं ते याच गोष्टीवर गावाला व्याख्यान देत आले होते. मी म्हटलं, "बाबा, मॅडमना फोन करते."

"नाई," बाबा म्हणाले. "गावी नेऊ."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. का, म्हणून विचारलं तर त्यांनी मोज्यांची घडी केली. मग म्हणाले, "तठी थंड खोलीत ठेवतेत. तिले थंडी सोसत नाई."

मी चिडले. दुःखात माणसं मऊ होतात म्हणे, मी झाले नाही. मी त्यांना भर वऱ्हांड्यात म्हटलं, "थंडी कळणारी टोकं कातडीत असतात. ती आता बंद पडली. तुम्हीच शिकवलं मला हे."

"म्याच शिकवलं," बाबा म्हणाले. "म्हनून तू मले नोको शिकवू."

दोन तासांत भैंशाहून आईच्या माहेरची माणसं आली, पांढरं कापड घेऊन. गावाकडे मसणातली जागा साफ करायला फोन गेला. भावाने हैदराबादहून निघताना सांगितलं, बाबा म्हणतील तसं करा. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं, हे मला दिसत होतं. आईचा शब्द मोडत होता आणि ती बोलायला नव्हती. मला फार एकटं वाटलं. बाबांना जबरदस्ती करावी असं काही माझ्यात नव्हतं. त्यांची बोटं त्या मोज्यांवरून सारखी फिरत होती.

मी दवाखान्याला लागूनच असलेल्या कॉलेजात मॅडमना तोंडाने सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं. इस में जबरदस्ती नहीं होती." मग उठल्या आणि कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून एक घडी काढून माझ्या हातात दिली. "फिर ये ले जाओ. अम्मा रख के गई थी."

वाकळ होती. आई एकटी दुसऱ्यांदा इथे येऊन गेली होती, कापूस वेचणीच्या दिवसांत, आणि मला पत्ता नव्हता. मॅडम सांगत होत्या, "बोली चद्दर पतली है, मास्टरजी दुबले हैं, उन पे ये डालना. मैं बोली अम्मा, ऐसा नहीं होता यहां. सुनी नहीं. रख के चली गई."

मी ती घेऊन वऱ्हांड्यात आले आणि बाबांच्या मांडीवर ठेवली, मॅडम बोलल्या ते सांगितलं. त्यांनी घडी उलगडली. एका अंगाला आईचं जुनं लुगडं होतं आणि दुसऱ्या अंगाला बाबांचे शाळेतले सदरे. पांढरे, फिके निळे, एक बारीक चौकडीचा. सगळे मला ओळखू आले, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले मी किती वेळा पाहिले होते. एका तुकड्यावर खिसा तसाच ठेवून भोवतीने टाके घातले होते.

बाबांनी खिशात दोन बोटं घालून पाहिलं. "खिसा काऊन ठेवला असन तिनं?"

"खडू ठेवायला असेल," मी म्हटलं.

बाबा हसले आणि हसता हसता मोठ्याने रडायला लागले. सगळे पाहत होते, त्यांनी पाहू दिलं. रडणं ओसरल्यावर नाक पुसून ते आईच्या माहेरच्यांना म्हणाले, "थे पांढरं कापड राहू द्या. तिनं जागा पाहून ठेवली हाये, तठीच जाईन थे." कोणीतरी पुन्हा थंडीचं काढलं. बाबा म्हणाले, "वाकळ हाये ना."

भाऊ दिवस मावळायच्या आत पोहोचला. दवाखान्याच्या आवारातच आम्ही उभ्याने त्रिशरण-पंचशील म्हटलं. कॉलेजच्या लोकांनी ढकलगाडी आणली, बाबांनी आईवर वाकळ स्वतः घातली, पायाकडून सुरुवात करून, मोजे आधी चढवून. मॅडम म्हणाल्या की मोजे आणि वाकळ आत अंगावर राहणार नाहीत, खोलीच्या दारापर्यंत चालेल. बाबांनी समजल्यासारखी मान हलवली. दारापाशी त्यांनी तिचा डावा हात बाहेर काढला आणि मॅडमना विंचू दाखवला. वर्गात बोलायचे त्याच आवाजात, तोडक्या हिंदीत सांगितलं की शाई अंतस्त्वचेत आहे, वरचा थर काढल्यावर ठिपके आणखी साफ दिसतील, मुलांना आधी हे दाखवा, यातून दोन्ही थर एकदम कळतात. मध्येच थांबले, पण वाक्य पुरं केलं. मॅडमनी एखाद्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं.

मग वाकळ काढून त्यांनी तिची घडी केली आणि आईच्या कानाशी वाकले. "हे माह्यी हाये वं," ते म्हणाले. "मी येईलोक तू वापर."

मॅडमनी मला विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, वाकळ त्यांची आहे, ते येईपर्यंत तिला वापरू द्या. मॅडमनी वाकळ छातीशी धरली. आत अंगावर काही चालत नाही हे त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"उन को बोलो, कोई जल्दी नहीं है," त्या म्हणाल्या.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"मले बी नाई," ते म्हणाले. "पन तिले कोन सांगन?"